आईची सुटलेली बस

शनिवार, जून २००८
क्लेमेंटी, सिंगापूर

संध्याकाळी कुकर लावत होते, तेवढ्यात इंग्लंडहून आईचा फोन. दादाकडे गेल्यापासून ती दर शनिवारी बसने जुनी गावं बघायला जाते, एकटीच. "अगं, बस कुठे दिसत नाहीये," म्हणाली. मागे चर्चची घंटा वाजत होती. गावाचं नाव विचारलं तर म्हणे, "दगडी घरं आहेत, नदी आहे." आणि फोन कट.

दादा फोन उचलेना. इथे असताना ती आमच्याच फ्लॅटचा रस्ता विसरली होती. तेव्हा दादा म्हणाला होता, सगळे ब्लॉक सारखेच दिसतात. खरंच तेवढंच होतं? लेक इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, "आजी ओके लाह, ममा." माझ्या कानात ती घंटाच.

बऱ्याच वेळाने आईचा पुन्हा फोन आला. "बस चुकली नाही गं, मीच सोडली. चर्चमध्ये लग्न होतं, नवरी बघायची होती. आता दुसऱ्या बसमध्ये बसलेय."

"मग आधी बस दिसत नाहीये असं का म्हणालीस?"

ती हळूच म्हणाली, "दादाला सांगू नकोस. तो मला जाऊ देणार नाही."

मी हो म्हटलं. तिचा आवाज इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

नंतर दादाचा फोन. "एवढे मिस्ड कॉल? काय झालं?"

"काही नाही रे. पुढच्या शनिवारी आईबरोबर तूही जा ना. तिला तुला ती गावं दाखवायचीत."

जातो म्हणाला. आई विसरायला लागलीय का, हे मात्र मी विचारलं नाही.