बिनऑइलचं पेट्रोल

आई,

जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून इंजिनचे भाग ठेवलेत. ओरडायचं तर संध्याकाळी ओरड, पण आत्ता काही आवरायला जाऊ नकोस. एखादा वॉशर जरी हरवला तरी माझी पंचाईत होईल. मी सिलिंडर बोअर करायला लेथवाल्याकडे जातेय. खरं म्हणजे घरात बसवतच नाहीये.

बाबा वर्षभर म्हणतायत ना, स्कूटर म्हातारी झाली म्हणून बंद पडली? तसं नाहीये. पिस्टनवर खोल ओरखडे आहेत, तो आतच चिकटून बसला होता. मग मी टाकीतलं पेट्रोल बोटावर घेऊन बघितलं. ते उडून गेलं आणि बोट कोरडं ठणठणीत! त्यात ऑइलचा थेंबही नव्हता. या गाडीच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलं नाही तर इंजिन जाम होतं, हे आम्हाला कोणी शिकवलं? दादा एकदा ऑइल घालायला विसरला, तेव्हा त्याला भर रस्त्यात कोणी झापलं होतं? आणि बाबांशिवाय त्या गाडीत पेट्रोल भरायचं कोण?

परवा त्यांनी चहात दोनदा साखर घातली, तेव्हा आपण दोघी हसत सुटलो. मला आता ते हसू आठवून कसंतरी होतंय.

डॉक्टरांची वेळ घे, मीही येते. बाबांनी इंजिनचं विचारलं तर सांग, गाडी म्हातारीच झाली होती, पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या. आणि त्यांनी कितीही म्हटलं, 'आज चहा मी करतो,' तरी गॅस तूच पेटव.