लेकीच्या दुकानातलं रोजचं गिऱ्हाईक

ताईला धाकटीचा वाकून नमस्कार.

आज आधी आली ती कोपऱ्यावरची शिंपीण, मागून तिची जाऊ. लेकीच्या केस कापायच्या दुकानात महिन्याभराने माणूस दिसलं बघ! रिकाम्या दुकानात कुणी पाय ठेवत नाही, म्हणून मीच रोज गिऱ्हाईक होऊन खुर्चीत बसते. वेणी गेली, आता मानेवरचंही संपत आलं. हसू नकोस.

लेक दिवसभर तिथेच वाट बघत असते. नात मलाच "आई" म्हणते. गोड वाटतं गं, पण मी तिला दुकानाकडे बोट करून "तुझी आई ती" म्हणून सांगते.

लेक आज सकाळीच म्हणाली होती, "या आठवड्यात कुणी नाही आलं, तर कुलूप लावते."

तुझे गुडघे कसे आहेत? वेणी अजून कमरेपर्यंत असेल तर निघून ये.

शिंपीण म्हणाली, "आजी, छान कापलेत! आम्हीपण कापून घेऊ, गुरुवारी येतो." आज सोमवार. देवापुढे गुरुवारचं तेवढं सांग.

तुझी धाकटी