बिनचाकी गाडी आणि तुझा उजवा हात

आई, तुझ्या नातीने आज साताऱ्यात आमच्या हॉलमध्ये तीच बिनचाकी गाड्यांची शर्यत लावली. गेम तोच, अवतार नवा. जमिनीपासून हातभर वर तरंगणाऱ्या गाड्या, आभाळात लटकलेले रस्ते. ती खेळत होती आणि मी तिला तुझी गोष्ट सांगत होतो. ही गोष्ट मी लग्नकार्यातसुद्धा सांगतो. लोक पोट धरून हसतात.

सांगलीचं आपलं घर, मामाने दिलेलं गेमचं जुनं यंत्र आणि कुपवाडच्या कारखान्यातून लुना दामटत आलेली तू. आठवड्याला एक पंक्चर ठरलेलं. पहिल्यांदा तो गेम बघितलास तेव्हा डब्याची पिशवी हातात धरून दारातच थांबलीस. "चाकंच न्हाईत व्हय रं? मग पंक्चरची भानगडच मिटली की!" आणि बसलीस खेळायला. लुनाचे इंडिकेटर कधीच गेलेले, म्हणून वळताना हात दाखवायची तुला सवय. ती गेममध्येही सुटेना. वळण येतं, तू डाव्या हाताने जॉयस्टिक धरून उजवा हात हॉलमध्ये लांब करतेस, मी ओरडतो, "आई, मागं कुणी न्हाई!" तू म्हणतेस, "आसंल की. सांगितलेलं बरं." दुसऱ्यांच्या गाड्या उडवायला अस्त्रं मिळायची, तीही तू वापरायची नाहीस. "त्यानं माझं काय घोडं मारलंय?" त्यामुळे शेवटचा नंबर कायम तुझा.

मग त्या रविवारी माझे मित्र आले आणि आपल्या दोघांची शर्यत लागली. वरचा अर्धा पडदा माझा, खालचा तुझा. तू हात लांब केलास, मित्र खदखदून हसले, आणि मी तुझ्या हातातला जॉयस्टिक ओढून घेतला. "तुला जन्मात जमायचं न्हाई. ऊठ." तू उठलीस. "बरं, खेळा तुमी. मी पोहे टाकते." त्यानंतर तू त्या जॉयस्टिकला कधी हात लावला नाहीस. लोकांना सांगताना मी ओढाओढीचं गाळतो आणि गोष्ट पोह्यांवर संपवतो.

आज पोरीने विचारलं, "बाबा, आजी एकदाही जिंकली नाही?" मी म्हणालो, "छे." तेव्हापासून काही सुचत नाहीये, म्हणून हे लिहायला बसलो.

त्या दिवशी मित्रांपुढे मिरवायच्या नादात मी भिंतींवर आदळत होतो. माझी गाडी तीनदा फुटली, तीनदा मागून सुरू झाली. तू एकदाही भिंतीला लागली नव्हतीस. शेवटची फेरी, दोन वळणं उरलेली, आणि खालच्या पडद्यावर तुझा नंबर पहिला होता. मित्र तुझ्या हाताकडे बघून हसत होते. मी तो आकडा बघत होतो. म्हणून ओढला गं मी जॉयस्टिक.

तुला तो आकडा दिसला होता का? तू होतीस तोवर विचारायची छाती झाली नाही. पोहे देताना माझ्या बशीत खोबरं जास्त घातलं होतंस, एवढं आठवतं. आता हा कागद धाडू तरी कुठे? जॉयस्टिकच्या खोक्यात, तळाशी ठेवतो. तू जिंकत होतीस, आई. हे आज पहिल्यांदा लिहिलं. पोरगी आतून हाक मारतेय, आणि तिला मात्र अजून सांगितलेलं नाही.