फुली दिसली नाही
प्रिय अनफी,

दुपारी मार्लिसचं विमान खाडीच्या पाण्यावर उतरेल. तिच्याच हाती हे पत्र तुझ्या शिकारतळावर पाठवतोय. तुझ्या बापाने कागद-पेन हातात घेतलं म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तू ओळखलंच असशील. पण आधी सगळं वाच, मग चिड.

या खेपेचे शिकारी ओहायोचे डडली, सिमेंटचे ठेकेदार. माणूस भला, पण तोंडाला विश्रांती नाही. माझी आखूड रायफल बघून म्हणाले, "सिमियन, अर्धी घरी विसरलात की काय?" मी म्हटलं, "साहेब, आल्डरच्या झाडीत लांब नळी फांद्यांत अडकते. ती अडकली की पुढचं सगळं अस्वल ठरवतं." त्यावर बिचाऱ्यांनी आपल्या रायफलची लांब नळी वितीने मोजून पाहिली.

काल सकाळी ओढ्याकाठी मोठा नर दिसला. डडलींनी घाई केली आणि गोळी पोटात बसली. अस्वल झाडीकडे सुटलं. अशा वेळी दुसरी गोळी वाटाड्याची, म्हणजे माझी. मी रायफल खांद्याला लावली, नेहमीसारखे दोन्ही डोळे उघडे. या रायफलची दुर्बीण नळीवर बरीच पुढे असते, तुला सांगायला नको. डाव्या डोळ्याला सगळं रान दिसतं आणि उजव्या डोळ्याला दुर्बिणीत दिसणारी नेमाची फुली त्यावर येऊन बसते. काल अस्वल लख्ख दिसत होतं, फुली कुठेच नव्हती. ती शोधेपर्यंत अस्वल झाडीत गडप. मग डावा डोळा मिटून पाहिला, तर उजव्यासमोर नुसतं पांढरं ताक. काच पुसली, डोळा चोळला, तरी ताकच. आणि डडली माझ्या पाठीवर थाप मारून म्हणतात, "वा सिमियन! मध्ये न पडता माझं अस्वल मला मारू दिलंत!" आता या माणसाला काय सांगू, कपाळ?

अस्वल मेलेलं नाही. झाडीवर एकही डोमकावळा उतरलेला नाही, आणि आज सकाळी आतल्या फांद्या हलताना मी पाहिल्या. त्याच वाटेने गावातल्या बायका मासे धरायची जाळी घेऊन ओढ्यावर येतात. तेव्हा आत जायला हवंच, आणि जखमी अस्वलामागे शिकारी जात नाही, वाटाड्या जातो. रायफल डाव्या खांद्याला लावून पाहिली. पण गोळी भरायचा बोल्ट उजवीकडे. हात पलीकडे नेऊन दुसरी गोळी भरेपर्यंत अस्वल छातीवर बसेल. मला भीती वाटते गं, पोरी. कालपासून त्या झाडीकडेच बघत बसलोय. डडलींना वाटतं, मी कसला तरी बेत आखतोय.

तुझ्या आईला मी चर्चमध्ये शब्द दिला होता, की लेकीला जखमी जनावरापुढे कधी घालणार नाही. आज तो मोडतोय. तुझी रायफल घे आणि मार्लिसबरोबर याच फेरीत ये. झाडीत पुढे तू चालायचंस, मी मागे. माझे कान अजून शाबूत आहेत. तू नाही म्हणालीस तर खरं सांगतो, मला हायसं वाटेल, आणि मी एकटाच आत जाईन. म्हणून नाही म्हणू नकोस. ये.

तुझाच,
भ्यालेला बाप