शेवटच्या घरापुढचा रस्ता

२ मार्च
आज नव्या घरात आलो. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे बाकडं टाकता येईल एवढा ओटा. सामान उतरवायला दुपार झाली. ही, म्हणजे माझी बायको, प्रत्येक खिडकी उघडून बघत होती आणि प्रत्येक खिडकीला ‘ही माझी’ म्हणत होती. म्हटलं, एखादी मलाही ठेव. तर म्हणाली, की तुम्हाला खिडकी कशाला, तुम्ही आता घरातच दिसायला हवेत.
तिचं खरं आहे. एकतीस वर्षं टपाल वाटलं. सकाळी लोकांच्या दारात, संध्याकाळी पाय कोमट पाण्यात, आणि रात्री जेवता जेवता डोळे मिटलेले. मागच्या महिन्यात निवृत्त झालो, गुडघ्याचं ऑपरेशनही उरकलं, आणि मुलगी पलीकडच्याच गल्लीत राहते म्हणून या गावात आलो. गाडीत ही म्हणाली, की आता कुठं आपला संसार सुरू होतोय. मी हसलो, पण मला भरून आलं. उरलेली वर्षं हिच्याजवळ बसून काढायची, बाकी काही नको.
ही वही मुलीनं दिली. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं वाहिली, स्वतः चार ओळी लिहिल्या नाहीत. बघू या जमतं का.

४ मार्च
मुलगी आणि जावई एक खोकं घेऊन आले. आत व्यायामाचं मशीन, छोटं इलिप्टिकल. गुडघ्याएवढंच उंच, खुर्चीत बसून चालवायचं. दोन पट्ट्यांवर पाय ठेवायचे आणि लंबगोल फिरवायचे, की गुडघ्याला झटका न बसता चालल्यासारखं होतं. समोर तळहाताएवढा पडदा, त्यावर वेळ आणि अंतर. जावयानं तासभर खपून जोडलं. शेवटी तीन स्क्रू उरले. ते जास्तीचे असतात असं तो म्हणाला, आणि खिशात टाकून घेऊन गेला.
डॉक्टरांनी रोज वीस मिनिटं सांगितली आहेत. खुर्ची बाहेरच्या खोलीत मांडली. तिथून स्वयंपाकघराचं दार अकरा पावलांवर. पोस्टमनला पावलं मोजायची सवय असते, त्याला इलाज नाही.
ही दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, की घाण्याचा बैल तरी तेल काढतो.

७ मार्च
तीन दिवसांत कंटाळा आला. भिंतीकडे बघत पाय हलवायचे, आणि पोचायचं कुठंच नाही. आज एक युक्ती काढली. डोळे मिटले आणि मनातल्या मनात घराच्या दारातून निघालो, तो थेट माझ्या जुन्या बीटवर. बीट म्हणजे पोस्टमनला नेमून दिलेला वाटपाचा भाग. माझा अकरा किलोमीटरचा होता. पहिली पिठाची गिरणी, मग शाळेची भिंत, मग शिंप्याची गल्ली. प्रत्येक दार आठवलं, कुठला कुत्रा कुठं झोपतो तेही. वीस मिनिटं कधी संपली कळलं नाही.
शिंप्याच्या दुकानापाशी वेळ संपली. उद्या तिथूनच पुढे. आमचा नियमच होता, आज जिथवर वाटप झालं त्याच्या पुढच्या दारापासून उद्या सुरू करायचं, मागची दारं पुन्हा वाजवायची नाहीत. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

१२ मार्च
आज बीट संपला. शेवटचं घर निळ्या फाटकाचं. एक म्हातारे कंपाउंडर तिथं राहायचे, त्यांना महिन्याला एक मासिक यायचं. तिथं पोचलो तेव्हा सात मिनिटं शिल्लक होती. फाटकापुढे रस्ता जातो हे मला माहीत होतं, पण एकतीस वर्षांत कधी गेलो नव्हतो. टपालच नव्हतं तिकडचं.
आज गेलो. सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या भिंती. छान वाटलं. हिला सांगितलं तर म्हणाली, की मनातल्या मनातसुद्धा घरी बसवत नाही तुम्हाला.

१७ मार्च
हिनं दोनदा हाक मारली म्हणे, मला ऐकू आलं नाही. तिसऱ्यांदा आली ती अगदी पातळ, परसातून मारल्यासारखी. प्रत्यक्षात ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला वाटलं मी मुद्दाम करतोय. चिडवत होती, की निवृत्तीबरोबर कानांनीही अर्ज दिला वाटतं.
त्या रस्त्यावर अजून एकही घर लागलेलं नाही.

२० मार्च
चहा गार होता. मी म्हटलं, गारढोण चहा देतेस होय. तिनं कप हातात घेतला आणि चटका बसल्यासारखा खाली ठेवला. म्हणाली, की आत्ता तर उकळता ओतला. मी पुन्हा घोट घेतला. गारच.
उगाच वाद नको म्हणून उठून स्वयंपाकघरात गेलो. सवयीनं पावलं मोजली. चाळीस झाली. पुन्हा खुर्चीपाशी आलो, पुन्हा गेलो. चाळीसच. खोली तेवढीच दिसते, फरशाही तेवढ्याच आहेत.

२३ मार्च
कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. कान ठणठणीत आहेत म्हणाले. पण ते सगळं हिच्याशीच बोलले, आणि शेवटी तिला विचारलं, की पेशंट बाहेर बसलेत का. मी तिच्या शेजारच्या खुर्चीत होतो. हिनं माझ्याकडे बोट दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी डोळे बारीक केले. लांबचा माणूस ओळखताना करतात तसे.
रिक्षात ही माझा हात धरून बसली होती. मला तो नीट लागत नव्हता. मी घाबरलो आहे हे तिला सांगितलं नाही. वहीला सांगतो.

२५ मार्च
दुपारी मुलगी आली. मी मशीनवर होतो. ती खोलीभर बघून आईला म्हणाली, की बाबा कुठं गेलेत ऊन टळायच्या आत. मी तीनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेला वळली आणि हसली, पण हसण्याआधी तिचा चेहरा पडलेला मी पाहिला.
तो रस्ता अजून संपत नाही. फाटक नाही, नंबर नाही, पत्रपेटी नाही. कुणाला काही पाठवायचं म्हटलं तरी पत्ता घालता येणार नाही अशी जागा. आज मी तिथं मागं वळून बघितलं. निळं फाटक दिसत नव्हतं.

२६ मार्च
आज पाय ठेवले नाहीत मशीनवर. तरी काही फरक नाही. स्वयंपाकघर त्रेसष्ट पावलं.
दिवसभर विचार केला आणि संध्याकाळी उलगडलं. चूक माझीच. शेवटचं दार झालं की पोस्टमनचं काम संपत नाही. रिकामी थैली ऑफिसात परत आणून ठेवली की संपतं. मी रोज पुढच्या दारापासून सुरू केलं, रोज पुढे गेलो, वेळ संपली की मशीनवरून उतरलो. पण परत आलोच नाही. एकदाही नाही. मी या खुर्चीत बसलोय आणि तिकडे रस्त्यावर उभाही आहे, घरापासून सदतीस किलोमीटरवर. हिला मी तेवढ्या लांब दिसतोय, आणि मला ती.
मशीन उलटंही फिरतं. जावयानं दाखवलं होतं, मागं पाय टाकायचे. उद्यापासून तसंच. तिला काही बोललो नाही, उगीच धसका घेईल.

२८ मार्च
दिवसातून तीनदा उलटं चालवतो. पाठीकडून चालायचं, रस्ता डोळ्यांसमोरून लांब जात राहतो. दुपारी गुडघा ठणकतो, मग औषध घेऊन दोन-दोन तास झोपतो. गाढ झोप लागते.
स्वयंपाकघर पन्नास पावलं. चहा कोमट. मला एवढा आनंद झाला की कपाला हात लावून बसून राहिलो.

३० मार्च
निळं फाटक मागं पडलं. म्हणजे पुढे. बीटवर आलो. आता गल्लीबोळ, सगळे वळसे घेतच परतायचं, मधली वाट काढायला मन धजत नाही. गुडघा भाकरीसारखा फुगलाय. असू दे.
आज हिची पहिलीच हाक ऐकू आली, दुसरी मारावी लागली नाही. मात्र ती दमल्यासारखी वाटते. दुपारी मी झोपतो तेव्हा तिनंही पडावं म्हणून सांगितलं. हो म्हणाली.

१ एप्रिल
पोचलो. शाळेची भिंत, गिरणी, आणि मग आपलं दार. डोळे उघडले. उठलो, मोजली, अकरा पावलं. मला रडू आलं. ती ओट्याकडे तोंड करून कप विसळत होती. म्हटलं, आलो बघ.
ती वळली नाही. पुन्हा म्हटलं. मी तिच्या खांद्याला हात लावला तेव्हा कुठं सावकाश वळली आणि डोळे बारीक करून बघू लागली.
तिनं ही वही वाचली होती. सव्वीस तारखेलाच. रोज दुपारी मी झोपल्यावर ती मशीनवर बसायची, मला परत आणायला. वहीत लिहिलेलंच होतं, निळं फाटक आणि पुढचा सरळ रस्ता. गल्ल्या तिला ठाऊक नाहीत, ती हमरस्त्यानं गेली. मी वळसे घेत अलीकडे येत होतो तेव्हा ती पलीकडून पुढे निघून गेली. मी सापडेना म्हणून आणखी पुढे. पहिले तीन-चार दिवस थोडं थोडं जमलं, मग दोन दोन तास चालवलं म्हणते. मला काळजी नको म्हणून सांगितलं नाही म्हणते. हे सगळं तिनं सांगितलं तेव्हा मी कान तिच्या तोंडापाशी नेला होता.

२ एप्रिल
तिला ओरडून सांगतो, उलटं चालव. ऐकू जात नाही. मी लांब दिसतो, म्हणून तिला वाटतं मी अजून पुढेच आहे. कागदावर एकेक अक्षर वीतभर काढून दाखवलं. ती म्हणाली, की इतकं बारीक का लिहिता.
हातानं तिचे पाय मागं फिरवायला गेलो. तिला वाटलं मी पुढे ढकलतोय. चार फेरे पुढेच गेले — माझ्यामुळे.

३ एप्रिल
आज ती दिसायला वेळ लागला. खिडकीत बसली होती, तिच्या खिडकीत, आणि मी खोलीत शिरून तिला शोधत होतो.
मी जाणार. दुसरा उपाय नाही. मला रस्ता माहीत आहे. तिला नाही.
मुलीला चिठ्ठी लिहून ठेवणार होतो. काय लिहू? कोण विश्वास ठेवेल?

४ एप्रिल
सकाळपासून पुढे. गल्ल्या सोडल्या, हमरस्त्यानं. गुडघ्यात काहीतरी तुटल्यासारखं झालं. थांबलो नाही.
निळं फाटक. पुढे.
वही मांडीवर आहे. अक्षर हलतंय.

५ एप्रिल
सापडली.
भिंतीवर बसली होती. पायांत चपला नव्हत्या. म्हणाली, की किती वेळ लावलात. तिचा आवाज अगदी जवळून आला, पूर्वीसारखा. हात हातात लागला. मी तिथंच रस्त्यावर बसलो आणि रडलो, ती डोक्यावरून हात फिरवत होती.
खोलीत बघतो तर आम्ही दोघं खुर्चीशी, मशीनजवळ. खोलीच्या भिंती मात्र फार लांब.

६ एप्रिल
परत निघालो. पाय-पट्ट्या दोनच. एकीवर तिचा डावा, दुसरीवर माझा उजवा. उलटं. ताल जमत नाही. ती हसते, की चाळीस वर्षांत एकत्र चाललो तरी कधी होतो.
थोडं सरकलो. गुडघा आता वाकतच नाही. तिला म्हटलं, तू एकटी जा. नाही म्हणाली. विषय संपला.

७ एप्रिल
बसलो आहोत. तहान लागते, माठ दिसतो — पोचत नाही.
दार वाजलं. फार लांब. मुलगी.

हाका मारते आहे. आई. बाबा. मुंगीएवढी दिसते. आम्ही दोघं हात हलवतोय. ती आमच्यातून बघते — मागच्या भिंतीकडे.
खुर्ची सरळ केली तिनं. खाली पडलेली वही —
वही माझ्या मांडीवर आहे, आणि ती तिच्या हातातही आहे. वाचते आहे. पानं उलटते. पाणी आलंय तिच्या डोळ्यांत.
ही ओरडते, बाळा, नको. मीही.
खुर्चीत बसली. चपला काढल्या.
शेवटचं पान वाच आधी. इथं लिहितोय, मोठ्या अक्षरात. उलटं. पाय ठेवलास तर उलटं — नाही, ठेवूच नकोस, घरी जा, तुझ्या घरी, वही मिटून — तू निघालीस तर आम्हाला शोधायला मग तुझ्या मागं तुझा —
एक पाय ठेवला.
बाळा, दुसरा ठे