राहून गेलेली आडवी रेघ

प्रोफेसर,

काल लॅबमध्ये माझ्या हातात पत्र पडलं. माझा राजीनामा मंजूर झालाय! मी ऑफिसातल्या मॅडमना विचारलं, "मी कधी दिला राजीनामा?" त्यांनी तू लिहून दिलेला अर्जच पुढे ठेवला. "अहो, स्वच्छ लिहिलंय की, रिझाइन करायचंय म्हणून."

अरे शहाण्या, मला करारावर पुन्हा सही करायची होती! त्या 'री-साइन'मध्ये 'री'नंतर आडवी रेघ लागते. ती गाळली की त्याच इंग्रजी अक्षरांचं 'रिझाइन' होतं, म्हणजे नोकरी सोडणं. घरी येऊन तुझीच डिक्शनरी उघडली. दोन्ही शब्द सही-शिक्क्यातूनच आलेत म्हणे; एकात सही पुन्हा करायची, दुसऱ्यात केलेली मोडायची. नऊ वर्षांची नोकरी माझी, आणि रेघ खाल्लीस तू.

"साधं लिही," म्हटलं होतं मी. तर म्हणालास, "ताई, तुला इंग्रजीतलं काय कळतंय?" आणि मीही न वाचता सही ठोकली.

माझ्या जागी अजून कुणाला घेतलेलं नाही. साहेब आठला येतात, म्हणून आत्ताच निघतेय. नवा अर्ज मीच लिहिलाय, मोडक्यातोडक्या इंग्रजीत: मला इथेच काम करायचं आहे.

आईच्या डोळ्यांत नऊला थेंब घाल. ती विचारेल, तर ताईला आज जादा काम आहे म्हण. तुझी नोकरी सुटल्याचं तीन महिने मी तिला कळू दिलेलं नाही. आज एक दिवस तू माझं झाकून ठेव.

ताई