पाहुण्यांसाठी आवरलेला काठ

कान्यो ओन्दो,
१२ एप्रिल

प्रिय एलिएसेर,

तुला आणि यार्लेनिसला आशीर्वाद. तू बोलणं टाकलंस, पण बेनिल्दोची होडी अजून तुमच्या काठाला लागते, तिच्यातून हे पत्र धाडते आहे. इथे सगळं ठीक. डुकरिणीला पिल्लं झाली. कसाव्याचा कंद यंदा पोसला नाही. माझा गुडघा म्हणतो पाऊस येणार, आभाळ म्हणतं बघू.

रस्त्याच्या सभेतून तू निरोप न घेता पलीकडे यार्लेनिसकडे, लेकीच्या घरी गेलास.

दलदलीतून सरकारी रस्ता नेला तर पाण्याचं, माशांचं काय होईल, हे बघायला गेल्या पावसाळ्यात माणसं आली होती, तेव्हा बायकांना गोळा केलं ते मीच. "परक्यांना असला गबाळा काठ दाखवायचा होय?" म्हटलं. लव्हाळे कापले, पाण्यातलं गवत उपटून जाळलं. काठ कसा आरशासारखा! वर त्या माणसांना माशाचा रस्सा पोटभर वाढला. त्यांनी दिसलं तेच लिहिलं, बिचाऱ्यांनी. काठाला झाडोरा नाही, घरटी नाहीत, माशांची पिल्लं नाहीत, रस्त्याचा बांध घालायला हरकत नाही.

सभेत ते वाचलं गेलं आणि आपण काय करून बसलो ते मला कळलं. उठून म्हटलं, "साहेब, आम्ही घर आवरून ठेवलं होतं. पिल्लं त्या गवतातच वाढतात. पुन्हा या, आणि न सांगता या."

मागून पेत्रोना ओरडली, "न सांगता आलात तर रस्सा मिळायचा नाही हं!" सगळे हसले. तू नाही हसलास. "ताई, खाली बस," म्हणालास.

"तूच बस. तुझा शेंबूड पुसलाय मी."

पाहणी नव्याने ठरली. काम पुढच्या वर्षावर गेलं.

हे तुला माहीतच आहे. खरं लिहायचं ते मघापासून टाळते आहे.

नुबिया गेली तेव्हा होडीत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. रस्ता असता तर तुझी बायको दवाखान्यात पोचली असती. यार्लेनिसचे दिवस सप्टेंबरात भरतात, त्याआधी कच्चा बांध तरी व्हावा ही तुझी आस मला ठाऊक होती. ठाऊक असून उठले. रस्ता मलाही हवा रे. पण पाणी कोंडलं तर ते लेकरू खाणार काय? रस्त्याखालून पाण्याला वाट ठेवा, एवढंच माझं मागणं. तरी पोरीच्या डोळ्याला डोळा भिडवायचा धीर होत नाही.

शहरात दवाखान्यामागेच माझी जुनी मैत्रीण एदिल्मा राहते. खोली देते म्हणाली. ऑगस्टातच यार्लेनिसला घेऊन मी तिथे जाऊन राहीन. भर उजेडी, पाणी शांत बघून निघू. होडी मात्र तू वल्हव. दुसऱ्या कुणाच्या वल्ह्यावर मी तिला बसवणार नाही. वाटेत माझ्याशी नाही बोललास तरी चालेल.

भर सभेत तुला गप्प बसवून आता तुझ्या आवाजासाठी कान लावून बसलेली,
तुझी ओतिलियाताई